सहज सापडलेली गाठ

अधिवृक्क ग्रंथी हा शब्द वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या कानावरून गेला नव्हता. हायस्कुलात मराठी शिकवण्यात तीस वर्षं गेली. संधी, समास, प्रयोग पोरांकडून घोटून घेतले. पण वृक्क म्हणजे मूत्रपिंड आणि त्याच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली ती अधिवृक्क, हे मला कळलं २०११ सालच्या जुलैत, माझ्या थोरल्या बहिणीच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमुळे. रिपोर्ट अर्थातच इंग्रजीत होता. उजव्या अधिवृक्कात ४.२ सेंटिमीटरची गाठ, रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावी, एवढी एकच ओळ, आणि तीही शेवटून दुसरी. वरच्या साऱ्या ओळी मुतखड्याच्या होत्या. कारण स्कॅन मुतखड्यासाठीच काढला होता.

आम्ही मूळचे मिरजेचे. आपांना दिलं ते कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात. दूल्हाभाई १९९८ साली गेले. त्यानंतर आपांनी शिवणाच्या मशिनवर तीन मुलं वाढवली. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, ईदच्या आधी पोरांचे पठाणी, लग्नसराईत शरारे. आमच्या साऱ्या खानदानात त्यांच्याइतकी कमी बोलणारी आणि जास्त कष्ट करणारी बाई दुसरी नाही. अशा बाईला वयाच्या पंचावन्नाच्या पुढे दौरे येऊ लागले.

दौरा म्हणजे काय व्हायचं ते सांगतो. बसल्या बसल्या छातीत धडधड सुरू व्हायची. त्या म्हणायच्या, "छोटे, घोडे छूट गए." मग डोकं दोन्ही कानशिलांतून फुटतंय असं वाटायचं. चेहरा राखेसारखा पांढरा पडायचा आणि घामानं कमीज पिळून काढावी इतकी भिजायची. हातपाय गार. आणि भीती, कशाची ते त्यांना सांगता यायचं नाही, पण आता मरतो अशी भीती. पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरायचं आणि मग तासभर अंगात त्राण नसायचं. कोणी रिक्षा बोलावून दवाखान्यात नेईपर्यंत नाडी जागेवर आलेली असायची. बीपी १३० वर ८४. डॉक्टर म्हणायचे, "काही नाही, टेन्शन घेतात."

घरातल्या बायकांचं मत वेगळं होतं. त्यांच्या नणंदेनं पहिल्याच वर्षी निदान केलं, हिच्यावर असर आहे. त्याला पुरावाही मिळाला. २००७ च्या रमजानमध्ये तरावीह पढताना सिजद्यात गेल्या आणि दौरा आला. पुन्हा दोन दिवसांनी तसंच. मग आपा सिजद्याला घाबरू लागल्या, खुर्चीवर बसून नमाज पढू लागल्या. गुडघे धडधाकट असलेली बाई खुर्चीवर का बसते याची मोहल्ल्यात चर्चा झाली. कोणी म्हणालं, नमाजचा कंटाळा आला. कोणी म्हणालं, सिजद्यात गेल्यावरच त्रास होतो म्हणजे आतलं जे काही आहे त्याला सिजदा सहन होत नाही. गळ्यात तावीज आले, दर गुरुवारी एका दर्ग्याच्या फेऱ्या झाल्या, पाणी फुंकून आणलं गेलं. आपा सगळं करत राहिल्या. विरोध करायला लागते ती ताकदही त्यांच्यात उरली नव्हती.

शिकलेल्या मंडळींचं निदान काही फार वेगळं नव्हतं, असं मला आज वाटतं. एकानं पाळी जाण्याचं वय म्हटलं, दुसऱ्यानं एकटेपणा, तिसऱ्यानं झोपेच्या गोळ्या दिल्या. असर म्हणणारे असोत की टेन्शन म्हणणारे, दौरा चालू असताना बीपी कोणी मोजलं नाही. पाच वर्षांत एकदाही नाही. त्यातल्या एका डॉक्टरांनी धडधड थांबवणारी गोळी दिली, तर आपांचं डोकं पहिल्यापेक्षा जास्त दुखू लागलं. त्यांनी ती चार दिवसांत स्वतःच बंद केली. "या बाई औषधं घेत नाहीत" असा शेरा त्यांच्या कागदावर पडला.

तर असा तो जुलै महिना. आपांच्या उजव्या कुशीत कळ आली, लघवीला जळजळ झाली, म्हणून भाच्यानं त्यांना मिरजेला आणलं. खडा चार मिलिमीटरचा होता, तो आपोआप पडूनही गेला. ज्यांनी स्कॅन सांगितला होता ते मूत्ररोगाचे डॉक्टर मात्र भले माणूस. त्यांनी शेवटून दुसऱ्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाले, "खड्याचं मी बघतो. पण हे पुण्याला दाखवा, हार्मोनच्या डॉक्टरांना. आणि तोवर कोणाला यात सुई घालू देऊ नका."

सुईचं त्यांनी का सांगितलं ते पुढे येईलच. पण आधी 'गाठ' हा शब्द घरात आल्यावर काय झालं ते सांगायला हवं. आपल्याकडे गाठ म्हटलं की कॅन्सर. भाचीनं रडायला सुरुवात केली. नणंदबाई येऊन बिलगून गेल्या. धाकटा भाचा म्हणाला, मामू, लगेच तुकडा काढून तपासू, मुंबईला नेऊ. आपा एकट्या शांत होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "छोटे, चित्र में कुछ तो निकला ना? मेरेकू मालूम था, मै पागल नहीं."

पुण्याच्या डॉक्टर बाई चाळिशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली, एक आकडा कागदावर लिहिला आणि फिल्म पाकिटात घालून ठेवली. त्यानंतर पाऊण तास त्यांनी फक्त प्रश्न विचारले. मी शिक्षक आहे, प्रश्न विचारणं हाच माझा धंदा, पण इतके नेमके प्रश्न मी क्वचितच ऐकलेत.

पुढे मी त्यांच्याकडून आणि वाचून जे समजून घेतलं ते थोडक्यात असं. ही ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमची, दोन मूत्रपिंडांवर दोन. सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं, पण ती करते काय हे पुढं तीनशे वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं. आपल्या रामफळाची जाड साल आणि आतला गर वेगवेगळा असावा तसे तिचे दोन भाग. साल तीन तऱ्हेचे रस बनवते. एक शरीरातलं मीठ-पाणी राखतो, दुसरा म्हणजे कॉर्टिसॉल साखर, चरबी आणि संकटाशी झुंज सांभाळतो, तिसरा पुरुषी संप्रेरकांचा. आतला गर ॲड्रिनलीन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रिनलीन बनवतो. साप दिसल्यावर आपलं काळीज उडतं ते याच रसामुळे.

स्कॅन भलत्याच कारणासाठी काढला आणि तिथं एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ दिसली तर तिला डॉक्टर 'इन्सिडेंटलोमा' म्हणतात. हा शब्द १९८२ साली अमेरिकेत दोघा डॉक्टरांच्या लेखातून रूढ झाला. सीटी स्कॅनची यंत्रं गावोगाव जायच्या आधी अशा गाठी माणसाबरोबर कबरीत जायच्या, कोणाला पत्ताही लागायचा नाही. आता पन्नाशी ओलांडलेल्या शंभर जणांच्या पोटाचा स्कॅन काढला तर तीन-चार जणांत ती सापडते, आणि सत्तरीनंतर हे प्रमाण सात ते दहापर्यंत जातं. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातल्या जुम्म्याच्या पहिल्या सफेत बसणाऱ्या बुजुर्गांपैकी दोघा-तिघांकडे ती असणारच. त्यातल्या बहुतेक गाठी काही करत नाहीत. शंभरातल्या एक ते पाच आपांसारख्या निघतात.

डॉक्टरांना दोनच गोष्टी शोधायच्या असतात. गाठ कॅन्सरची आहे का, आणि ती रस गाळते का. पहिल्याचं बरंचसं उत्तर चित्रातल्या आकड्यात असतं. हाऊन्सफिल्ड या इंग्रज इंजिनिअरच्या नावानं तो आकडा मोजतात. त्यांच्या यंत्रानं १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं, १९७९ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या मापात पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास. अधिवृक्कातल्या निरुपद्रवी गाठीत बहुधा चरबी भरलेली असते, म्हणून तिचा आकडा खाली येतो. दहा किंवा त्याहून कमी आणि गाठ सगळीकडे एकसारखी असली तर निर्धास्त राहावं. आपांच्या गाठीचा आकडा ३६ होता. त्यावरून ती काय नाही ते कळलं, काय आहे ते कळलं नाही. फुफ्फुसाचा, स्तनाचा, मूत्रपिंडाचा कॅन्सर इथं येऊन बसतो. ग्रंथीचा स्वतःचा कॅन्सरही असतो, पण तो दहा लाखांत वर्षाला एखाद-दुसऱ्याला. चरबी कमी असलेली साधी गाठही असा आकडा देऊ शकते. उरलेलं उत्तर माणसाकडून काढून घ्यावं लागतं.

म्हणून ते प्रश्न. वजन घटलंय की वाढलंय? चेहरा गोल झालाय का, मानेमागे चरबी आलीय का? पोटावर जांभळे पट्टे? जरा लागलं की काळं-निळं पडतं का? उकिडवं बसलात तर हात न टेकता उठता येतं का? हा शेवटचा प्रश्न मला फार आवडला. कॉर्टिसॉल जास्त झालं की मांड्यांचं मांस झिजतं, आणि आपल्या बायकांचं निम्मं आयुष्य उकिडवं बसून उठण्यात जातं. मग पायात गोळे येतात का, रात्री लघवीला किती वेळा उठता? हे मीठ राखणाऱ्या रसासाठी. तो जास्त झाला तर बीपी चढतं आणि कधी कधी रक्तातलं पोटॅशियम उतरतं. हनुवटीवर केस आलेत का, आवाज बदललाय का? सांधेदुखीसाठी कुठल्या हकीमाची, वैद्याची पुडी घेता का? हाही प्रश्न महत्त्वाचा. अशा पुड्यांत कधी कधी न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं असतं आणि मग सगळ्या तपासण्या फसतात.

प्रत्येक प्रश्नाला आपा मान हलवून "नहीं" म्हणत होत्या. वजन मात्र घटलं होतं, दोन वर्षांत नऊ किलो. साखर १८० च्या घरात होती आणि खानदानात कोणाला मधुमेह नव्हता. मग डॉक्टर बाईंनी पुढं झुकून विचारलं, "धडधड होते? घाम? डोकं दुखतं? तिन्ही एकदम?"

आपा माझ्याकडे बघायला लागल्या. जणू मी आधीच जाऊन चुगली केली होती.

"कधी येतं? काही करताना येतं का? वाकलात, ओझं उचललं, पोटावर दाब आला तर?"

"सिजदे में," आपा म्हणाल्या. आणि पहिल्यांदा रडल्या.

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवून समजावलं. गाठ उजवीकडे, यकृताच्या मागे. माणूस कमरेत पूर्ण वाकला, पोट मांड्यांवर दाबलं गेलं की गाठ पिळली जाते आणि ॲड्रिनलीनचा लोंढा रक्तात सुटतो. शिलाईच्या मशिनवरून कापडाचा गठ्ठा उचलताना, बद्धकोष्ठात जोर लावताना, हेच होतं. उलटीवरची एक नेहमीची गोळीसुद्धा असा दौरा आणू शकते. "नमाजचा यात काही दोष नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुमचाही." डॉक्टर बाई चित्पावनी आडनावाच्या होत्या, म्हणून मी हे वाक्य लक्षात ठेवलं असं नाही, पाच वर्षांत आपांना हे कोणीच म्हटलं नव्हतं म्हणून ठेवलं.

महिन्यात किती वेळा येतं, असं विचारल्यावर आपा म्हणाल्या, घरी हिशेब आहे. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. कालनिर्णयवर दुधाचा खाडा मांडायच्या, त्याच चौकटीत दौरा आला की शिवणाच्या पेन्सिलीनं एक ठिपका. पुढच्या खेपेला भाचा कॅलेंडरं घेऊन आला. २०१० सालात एकसष्ट ठिपके. २०११ च्या जुलैपर्यंत चौपन्न. डॉक्टर बाईंनी त्या पानांचे फोटो काढून फाइलला लावले. जी बाई औषधं घेत नाही असा शेरा होता, तिच्याइतकी चोख नोंद त्या फाइलमध्ये दुसऱ्या कोणाची नव्हती.

या गाठीचं नाव फिओक्रोमोसायटोमा. हे नाव १९१२ साली लुडविग पिक यांनी दिलं. बीपीच्या हजार रुग्णांत दोन ते सहा जणांनाच ती असते, म्हणून गावच्या डॉक्टरला आयुष्यात एखादी दिसली तर दिसते. एवढी सवलत मी त्यांना द्यायला तयार आहे. पण दौऱ्यात बीपी मोजायला दुर्मीळ आजाराचं ज्ञान लागत नाही.

नक्की करायला चोवीस तासांची लघवी साठवायची होती. लॅबनं पाच लिटरचा कॅन दिला, तळाला थोडं ॲसिड घातलेला. ज्या घरात एक मोरी आणि नऊ माणसं, तिथं विधवा बाईनं कॅन घेऊन मोरीत जायचं म्हणजे काय, हे ज्यांनी तसं घर पाहिलंय त्यांनाच कळेल. आपांनी कॅनला जुन्या पडद्याची पिशवी शिवली आणि तो मशिनखाली ठेवला. नऊ दिवसांनी मुंबईहून रिपोर्ट आला. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या सातपट.

आता सुईचं. तुकडा काढून तपासा, असा धाकट्या भाच्याचा हट्ट होता आणि मिरजेतही एकानं तेच सुचवलं होतं. अशा गाठीत सुई खुपसली तर तो लोंढा एकदम सुटतो, बीपी तीनशेला भिडतं, माणूस टेबलावरच जाऊ शकतो. म्हणून अधिवृक्काच्या कुठल्याही गाठीत, ती ॲड्रिनलीनची नाही हे तपासणीनं सिद्ध झाल्याशिवाय, सुई घालायची नाही. त्यानंतरही तिची गरज क्वचितच पडते. हे एवढं जरी वाचणाऱ्यांच्या लक्षात राहिलं तरी पुरे.

ऑपरेशनही लगेच करता येत नाही. आधी रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या, थोड्यापासून वाढवत नेलेल्या. पहिली गोळी रात्री झोपतानाच घ्यायची, नाहीतर उभं राहिल्यावर चक्कर येते. धडधड थांबवणारी गोळी त्यानंतर. क्रम उलटा झाला तर रक्तवाहिन्या आवळणारा हात मोकळा सुटतो आणि बीपी अधिकच चढतं. आपांचं डोकं त्या चार दिवसांत का फुटत होतं ते तेव्हा कळलं. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे मीठ. वर्षानुवर्षं रस आवळलेल्या नसांत वाहत असल्यामुळे अंगातलं पाणी आटलेलं असतं. नसा सैल झाल्या की ती जागा भरायला मीठ आणि पाणी भरपूर द्यावं लागतं. बीपीवाल्या बाईला डॉक्टर लोणचं, पापड, मिठाचं ताक सांगतात, हे नणंदबाईंना पटेना. त्यांनी दोनदा आमटीतलं मीठ गुपचूप कमी केलं. शेवटी भाचीनं आपांचं ताट वेगळं वाढायला सुरुवात केली.

त्यात रमजान लागला. त्या वर्षी तो ऑगस्टमध्ये होता. दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं आणि रोजा धरायचा हे एकत्र होणारं नव्हतं. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची मुभा कुरआनातच आहे, हे आपांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण सात वर्षांच्या वयापासून न चुकवलेली गोष्ट सोडताना माणूस फक्त मुभेवर चालत नाही. सहरीला उठून त्या सर्वांसाठी रोट्या करायच्या, आणि दिवसभर दार लावून पाणी प्यायच्या. कोणी बघू नये म्हणून. मी एकदा म्हटलं, आपा, लपायचं काय त्यात? तर म्हणाल्या, "आता आता तर लोकांनी असर म्हणायचं बंद केलंय. दम धर जरा."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, ईद झाल्यावर, ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून, चार भोकं पाडून. पावणेतीन तास. मी बाहेर बसून होतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, सर्जननं गाठीला हात लावला तेव्हा बीपी २२० वर गेलं आणि तिची शीर बांधल्याबरोबर ८० वर कोसळलं; त्यांचे हात त्या अर्ध्या तासात क्षणभर रिकामे नव्हते. गाठ बाहेर काढल्यावर आम्हाला दाखवली. लिंबाएवढी, तपकिरी.

साखर पंधरा दिवसांत ताळ्यावर आली. वजन भरू लागलं. कालनिर्णयवर ठिपके बंद झाले, नुसता दुधाचा खाडा राहिला. डॉक्टरांनी टाके पूर्ण भरेपर्यंत वाकू नका म्हटलं होतं. नोव्हेंबरात एका फजरला आपांनी खुर्ची बाजूला सारली. भाची सांगते, सिजद्यातून त्यांनी इतका वेळ डोकं उचललं नाही की ती घाबरून जवळ गेली. नणंदबाईंनी त्यानंतर "तावीजनं गुण आला, उशिरा का होईना" असं जाहीर केलं. आपांनी तेही ऐकून घेतलं. मी त्यांच्या जागी असतो तर घेतलं नसतं.

सगळ्याच गाठींची कथा अशी नसते. इचलकरंजीत आमचे एक स्नेही होते, यंत्रमागावर काम करायचे. त्यांच्या स्कॅनमध्ये दोन्ही अधिवृक्क सुजलेले सापडले, तेही पित्ताच्या खड्यासाठी तपासताना. त्यांची तक्रार बरोबर उलटी होती. रस कमी पडत होता. गोरा माणूस वर्षभरात सावळा झाला होता, हिरड्यांवर काळे डाग, बीपी नव्वदच्या वर जात नव्हतं, नुसतं मीठ चाटावंसं वाटायचं. १८५५ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी लिहून ठेवलेलं चित्र हेच. तेव्हाही मोठं कारण क्षय होतं आणि आपल्या देशात अजून आहे. त्याच्या बरोबरीनं एक बुरशीचा आजारही दोन्ही ग्रंथी पोखरतो. स्नेह्यांना क्षयच निघाला. औषधं आणि रोजची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी यांवर त्यांनी पुढं बरीच वर्षं माग चालवला. त्यांच्या खिशात एक चिठ्ठी असायची, बेशुद्ध सापडलो तर आधी हे इंजेक्शन द्या अशी.

आणि मग माझी पाळी. २०१९ च्या डिसेंबरात दुचाकीवरून पडलो, हँडल पोटात घुसलं. यकृत-प्लीहा सलामत आहेत ना म्हणून स्कॅन काढला, ते सलामत निघाले आणि रिपोर्टच्या शेवटी ती ओळखीची ओळ होती. डाव्या अधिवृक्कात १.८ सेंटिमीटर. घरात एकच हाहाकार. आपांचं सगळं पाहिलेलं, त्यामुळे कोणाला थांबायचं नव्हतं. मुलगा म्हणाला, अब्बा, काढूनच टाकू, दुर्बिणीनं होतं. बेगमनं माझ्या दर घामाची चौकशी सुरू केली. मलाही रात्री छातीवर हात ठेवून ठोके मोजायची सवय लागली. मोजले की ते वाढायचेच.

पुन्हा पुणे, पुन्हा त्याच डॉक्टर बाई, आता केसांत रुपेरी. औषध न टोचता पुन्हा साधा स्कॅन काढला, आकडा आला ४. गाठीत चरबी. एवढ्यावर ॲड्रिनलीनची तपासणी खरं तर लागत नाही, पण बहिणीचा इतिहास आहे म्हणून त्यांनी तीही करून घेतली, निर्मळ निघाली. मग कॉर्टिसॉलची. रात्री अकराला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी, सकाळी आठला रक्त. गोळीनं निरोगी ग्रंथी गप्प बसते. गाठ स्वतःच्या मर्जीनं रस गाळत असेल तर ती गप्प बसत नाही. कॉर्टिसॉल १.८ च्या खाली आलं पाहिजे. माझं १.१. बीपी माझं थोडं जास्त, म्हणून मीठ राखणाऱ्या रसाचीही तपासणी झाली. तीही ठीक.

"मग आता काय करायचं?" मुलानं विचारलं.

"काही नाही."

"दर वर्षी स्कॅन?"

"तोही नाही."

मुलाला वाटलं त्या आम्हाला झटकतायत. पूर्वी अशा गाठींचे स्कॅन वर्षानुवर्षं काढत राहायचे. इतक्या लोकांच्या गाठी पाहून झाल्यावर कळलं की कमी आकड्याची, एकसारखी गाठ बिघडत नाही. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत तर अशी गाठ कितीही मोठी असली तरी पुन्हा चित्र काढू नका असं म्हटलंय. हे पचायला जड आहे. आपांना पाच वर्षं "काही नाही" म्हणून परत पाठवलं होतं आणि मलाही "काही नाही" म्हणूनच परत पाठवत होते. शब्द तेच. पण माझ्या "काही नाही"मागे चार तपासण्या आणि अर्धा तास प्रश्न होते. माझी मांडीसुद्धा उकिडवं बसवून पाहिली त्यांनी. सहा वर्षं झाली, ती गाठ माझ्याबरोबर आहे. ठोके मोजायचं मी दुसऱ्या वर्षी सोडलं.

आपांची तपासणी दर वर्षी होत राहिली; अशी गाठ परत येऊ शकते म्हणून निदान दहा वर्षं नजर ठेवतात. २०२१ साली दहा वर्षं पुरी झाली तेव्हा डॉक्टर बाईंनी जनुकांच्या तपासणीचा विषय काढला. या गाठी असलेल्या दहांतल्या तीन-चार जणांत दोष रक्तातून आलेला असतो आणि तो मुलाबाळांत उतरू शकतो. २०११ मध्ये ती तपासणी आमच्या आवाक्याबाहेर होती, आता आटोक्यात आली होती. आपा लगेच तयार झाल्या. भाची मात्र उसळली. तिच्या मुलीसाठी तेव्हा कोल्हापूरचं एक स्थळ चाललं होतं. ती मला म्हणाली, "मामू, रिपोर्टमें कुछ निकला तो मेरी बेटी को कौन करेगा? जो मालूम नहीं उसकू काय को मालूम करना?"

तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. आपल्याकडे मुलीच्या आजीला फिट येते एवढ्या कुजबुजीवरून स्थळं मोडलेली मी पाहिली आहेत. आपांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पोरीला जर ते असेल तर बाळंतपणात कळांच्या वेळी तिचं काय होईल याचा विचार केलास का? मला तर चार कपड्यांचा गठ्ठा उचलताना येत होतं. नंतर मी डॉक्टरांना विचारलं. आपांची शंका शास्त्राला धरून होती. गरोदरपणात न ओळखलेली अशी गाठ आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

रक्त दिलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, तपासलेल्या जनुकांत दोष नाही. भाची म्हणाली, झालं, आता विषय बंद. पण कोल्हापूरची मंडळी मुलगी बघायला आली तेव्हा आपा चहाचा ट्रे ठेवून त्यांच्यासमोर बसल्या आणि दौऱ्यापासून ऑपरेशनपर्यंत सगळं सांगितलं, असर म्हणायचे तेही. मुलाच्या आईनं शेवटच्या रिपोर्टची झेरॉक्स मागितली. आपांनी ती आधीच काढून ठेवलेली होती.

पंधरा दिवस तिकडून फोन आला नाही. तेवढे दिवस भाची आपांशीही बोलत नव्हती आणि माझ्याशीही. सोळाव्या दिवशी मुलाच्या वडिलांनी फोन करून साखरपुड्याची तारीख विचारली, आणि त्या डॉक्टर बाईंचा पत्ता. त्यांच्या धाकट्या भावजयीला घाम येतो म्हणाले, धडधडतं, आणि घरातले म्हणतात टेन्शन आहे.